तीन ठोके

ओनोफ्रेचा जेवणाचा डबा घेऊन आम्ही निम्मी चढण चढलो, तेवढ्यात खाली ओरू प्रेतू गावातल्या चर्चची घंटा वाजली. माझ्या शेजारच्या एफिजेनियाबाई थबकल्या. आमच्याकडे कुणी वारलं की बाईसाठी दोन ठोके वाजतात, पुरुषासाठी तीन. हे तीन होते. त्यांचा धाकटा भाऊ ओनोफ्रे पहाटेच पोर्तुगीजांच्या काळच्या पडक्या खाणीत सोनं शोधायला शिरला होता.

"बाई, गावात म्हातारे काय कमी आहेत?" मी म्हटलं खरं, पण मनात मारियामातेचा धावा चालू होता.

"तोंड बंद ठेव आणि चाल गं!"

सत्तरीच्या बाई माझ्यापुढे धावत सुटल्या.

खाणीच्या तोंडाशी ओनोफ्रे चिखलाने माखून बसला होता.

"ताई, कोण गेलं गं? एवढ्या धापा टाकतेस, आता तूच जाशील!"

बाईंनी त्याच्या पाठीत धपाटा घातला आणि मग तिथेच बसून रडल्या.

उतरताना त्यांनी माझा हात घट्ट धरला.

"दोन ठोके ऐकले की तोही असाच धावत सुटेल. माझी वेळ आली की आधी तू वर जा, त्याला सांग. मगच घंटा वाजवायला लाव."