दाराआडचा खटका

आईच्या घरातलं लोखंडी कपाट झटका द्यायचं. जोराचा नाही, हाताला मुंग्या येतील एवढाच. आईनं त्यावर उपाय काढला होता: आधी पायात रबरी चप्पल, मग कपाट. "चप्पल घालून हात लाव, काही होत न्हाई," असं ती आल्यागेल्यालाही सांगायची.

मी राहते जालन्याला, आई मंठ्याला एकटी. वडील गेल्यापासून मी तिच्या मागे लागले होते की माझ्याकडे चल, आणि ती बधत नव्हती. यंदा भिंती ओलावल्या आणि कपाट चपलेलाही जुमानेना, तेव्हा मी निर्वाणीचं सांगितलं: एकतर सगळी वायरिंग बदलायची, नाहीतर गाशा गुंडाळून जालन्याला. आईनं वायरिंग कबूल केली. "फक्त त्या दाराआडच्या खटक्याला हात लावायचा न्हाई," एवढं म्हणाली.

तो खटका कशाचा, हे मला लहानपणापासून माहीत नाही. न्हाणीकडे जाणाऱ्या दाराच्या आड, काळा, गोल, एकटाच. दाबला तरी आमच्या घरात काही लागत नाही. आई मात्र रोज दिवस मावळला की वंदनेला बसण्याआधी तो खाली करायची आणि झोपताना वर. विचारलं तर म्हणायची, "कशाचाच न्हाई." मग दाबतेस कशाला? "सवय." आमच्या घरात हे उत्तर चालून जायचं.

वायरमननं भिंतीवरच्या लाकडी पट्ट्या उखडल्या, नव्या वायरी पाइपातून फिरवल्या. मीटरपाशी जुन्या फ्यूजच्या जागी एक पांढरी डबी बसवली. कुठं करंट गळाला की ती आपणहून सगळ्या घराची लाइट तोडते. खटक्याची जुनी वायर मात्र आईच्या हट्टापायी तशीच नव्या वायरिंगला जोडून दिली. कपाट गरीब गाय झालं. मी खूश.

त्याच संध्याकाळी लाइट गेली. आमचीच, गल्लीत सगळीकडे उजेड. डबीचा दांडा वर केला की लगेच खाली पडायचा, आणि थोड्या वेळानं काही कारण नसताना टिकायचा. दुसऱ्या संध्याकाळीही तेच. दिवसभर पंखा, फ्रिज, मिक्सर सगळं बिनघोर, आणि दिवेलागणीला अंधार. वायरमनला बोलावलं तर तो आला दुपारी. "ताई, बिलकुल बराबर हाय," म्हणाला आणि माझ्याकडे असं पाहिलं की मलाच माझी शंका यायला लागली.

तिसऱ्या संध्याकाळी अंधार होताच मी मोबाइलचा उजेड मारला. आई दाराआड उभी, हात खटक्यावर. मी जवळ जायच्या आत तिनं तो वर केला, आणि मग मी डबीचा दांडा वर केला तर तो टिकला.

"उद्या हा खटका काढूनच टाकते," मी चिडून म्हणाले.

"मंग मला जालन्यालाच घिऊन चल," आई म्हणाली.

मी बघतच राहिले. इतकी वर्षं हातापाया पडले तरी जी उंबरा सोडत नव्हती, ती कशाच्याच नसलेल्या खटक्यासाठी घर सोडायला निघाली होती. मला आनंद व्हायला हवा होता. पण काय चाललंय तेच कळेना, तरी मी कपाटातून तिच्या साड्या काढायला लागले.

सकाळी वायरमन खटक्याच्या वायरीचा माग काढत शिडीवर चढला. ती भिंतीतून आरपार काकांच्या घरात गेली होती. एका घराची दोन घरं होताना वडील आणि काका भांडले, मधे भिंत आली, आणि बोलणं कायमचं तुटलं. आता दोघंही नाहीत, पण आई आणि काकूही बोलत नाहीत, हे सगळ्या गल्लीला ठाऊक. खटक्यावर लागणारा बल्ब होता काकूच्या ओट्यावर.

"करंट जातो तुमच्याकडून आन् परत येतो त्यांच्या वायरीतून," वायरमन म्हणाला. "डबीला वाटतं गळाला. तोडावं लागंल."

आई ज्वारी निवडत होती. मी म्हटलं, तू रोज काकूचा बल्ब लावतेस? तिनं मान वर केली नाही. "वाटणीत बल्ब तिकडं गेल्ता, खटका इकडं राह्यला." मग तेव्हाच नीट का नाही करून घेतलं? "कोण कोणाला बोलणार?"

यावर मी आणखी काही बोलणार, तेवढ्यात दारात काकू. इतक्या वर्षांत ती या दारात आलेली मी पाहिली नव्हती. धापा टाकत तिनं मला विचारलं, "अक्का हाय का?" आणि मग ज्वारीपुढं बसलेली आई तिला दिसली.

"बल्ब लागला न्हाई, तीन सांजा," काकू म्हणाली. "मला वाटलं..."

"मला काय धाड भरली?" आई म्हणाली.

काकू उंबऱ्यातच बसली आणि डोळ्यांना पदर लावला. बल्ब लागला की अक्का बरी, एवढंच ती रोज बघत होती. गेल्या वर्षी आई तापानं फणफणली होती आणि शेजारची बाई सहज डोकावली म्हणून दवाखाना झाला, असं मी सगळ्यांना सांगत असे. ती सहज डोकावली नव्हती; बल्ब लागला नाही म्हणून काकूनंच तिला धाडलं होतं. त्या दिवशी फोनवर आई मला "बरी हाय" म्हणाली होती.

मग बोलत का नव्हतात, मी विचारलं. दोघींनी एकमेकींकडे पाहिलं, जसं काही मीच विचित्र विचारत होते. ते मला अजून कळलेलं नाही.

वायरमन शिडीवर पक्कड घेऊन थांबला होता. "तोडू का?"

"तोडा," काकू म्हणाली. "पर मंग मला कसं कळंल?"

आईनं सूप थोडं बाजूला सरकवून जागा केली. "आलीस ना आता? तशीच येत जा."

मी साड्या परत कपाटात ठेवल्या आणि दुपारच्या गाडीनं जालन्याला आले. संध्याकाळी आईला फोन लावला तर तो काकूनं उचलला.

"बरी हाय तुझी आई," ती म्हणाली. मला ते खरं वाटलं.