दोघंही थोडे जागे

समोरच्या घरातला गृहस्थ माझ्याकडे हेअर ड्रायर मागायला आला, तेव्हा मी त्याला पहिल्यांदा नीट पाहिलं. डोक्यावर औषधालाही केस नव्हता. माझी नजर तिथेच अडकलेली त्याला कळली असावी.

“माझ्यासाठी नाही हो बाई,” तो म्हणाला. “चिप तापवायचीय.”

तेवढ्यात त्याच्या वडिलांची हाक आली आणि तो ड्रायर घेऊन पळाला. परत द्यायला काही आला नाही. शेवटी मीच गेले.

जेवणाच्या टेबलाच्या अर्ध्या भागात औषधं होती, उरलेल्या भागात तारा, मीटर आणि नखाएवढी चिप. खुर्ची अशी ठेवली होती, की मान न वळवता आतला पलंग दिसावा. वडिलांची उजवी बाजू अर्धांगवायूने गेली होती. त्यांना आधाराशिवाय उठता येत नव्हतं, पण ते त्यांना मान्य नव्हतं. म्हणून हा ऑफिसचं काम घरूनच करायचा.

जन्मभर शिकवल्यामुळे न कळलेली गोष्ट मला तशीच सोडवत नाही. मी विचारलं, त्यानं सांगितलं. तो ऑपॲम्प बनवायचा, म्हणजे अगदी क्षीण विद्युतसंकेत मोठा करणारा भाग. हा श्रवणयंत्रासाठी होता, बटणाएवढ्या बॅटरीवर चालायला हवा. त्याच्या शेवटच्या टप्प्यात दोन ट्रान्झिस्टर जोडीनं राबतात. एक प्रवाह ढकलतो, दुसरा ओढतो.

“मग एकाची पाळी असताना दुसऱ्याला झोपू द्या की. वीज वाचेल.”

“वाचेल. पण पाळी बदलताना एक गेलेला आणि दुसरा अजून आलेला नाही, असं होतं. तिथे आवाज फाटतो. म्हणून दोघांनाही थोडं जागं ठेवायचं. किती थोडं, हे ठरवायचा मला पगार मिळतो.” तापल्यावर ते नको तितके जागे होतात, वीज खातात. ड्रायर ते तपासायला होता. विजेच्या या काटकसरीवरून ऑफिसात त्याला ‘चिक्कू’ म्हणत.

त्या चिपचं पुढचं काम दुसऱ्या शहरातल्या प्रयोगशाळेत वर्षभर चालणार होतं. तो गेला नाही तर चिप दुसऱ्याच्या हातात जाणार होती. घराबाहेर पडायची एवढीच वाट त्याला दिसत होती. संध्याकाळी दूध आणायला उतरला, की कोपऱ्यावर जाऊन तो उगाच उभा राहायचा. मी गॅलरीतून पाहायची.

जवळच राहणारी थोरली बहीण शिवणाच्या दुकानात कामाला होती. तीच म्हणाली, “जा रे बाबा एकदाचा! मी आहे, दुपारी मावशी ठेवू. नाहीतर पालीसारखा याच भिंतीला चिकटशील.”

त्यानं वेळापत्रक आखलं. सकाळी बहीण, दुपारी कामाच्या मावशी, रात्री पुन्हा बहीण. एक आली की दुसरी मोकळी, कुणाचं मिनिटही फुकट जायला नको. जाण्याआधी आठवडाभर करून पाहायचं ठरलं. तेवढे दिवस तो ऑफिसात बसू लागला.

दोन दिवस सुरळीत गेले. तिसऱ्या दिवशी बहिणीला दुकानात जायची घाई होती. जिन्यात मावशी दिसल्या, तिनं किल्ली तिथेच त्यांच्या हातात दिली. मावशींना जिना चढताना दम लागायचा. तेवढ्यात वडिलांनी हाक मारली. ओ आली नाही, म्हणून स्वतःच उठले आणि पडले. खुब्याचं हाड मोडलं.

दवाखान्यातून परतल्यावर बहीण दारातच कडाडली, “तुझी काटकसर त्या चिपमध्ये ठेव! मावशींना जरा आधी बोलावलं असतं, तर काय तुझ्या खिशाला भोक पडलं असतं?”

“कामात ही चूक केली असती ना ताई, तर हाकललं असतं मला.”

“इथून कोण हाकलणार तुला?” ती म्हणाली. तो किल्लीशी चाळा करत राहिला.

तो गेला नाही. चिप दुसऱ्या कुणीतरी पुरी केली. तो आता तिच्या पुढच्या चिपवर काम करतो, त्याच टेबलाशी, त्याच खुर्चीत. माझा ड्रायर अजून तिथेच आहे. संध्याकाळी बहीण आली, की दोघं वडिलांजवळ बसून चहा पितात. मग तो दूध आणायला उतरतो आणि कोपऱ्यावरून परत येतो.