दिदीचं नेपाळी चॅनल

माइक सुरू करण्याआधी ती दोन्ही हातांतल्या बांगड्या काढून बाजूला ठेवायची. "यांना प्रत्येक बातमीत बोलायचं असतं," म्हणायची. मग केसांवरून हात फिरवून माझ्याकडे बघायची. "चल, बहिनी."

बहिनी म्हणजे धाकटी बहीण. मी कराडची, जयपूरला आयटीत नोकरीला आलेली. ती पश्चिम नेपाळच्या डोंगरांतली. आम्ही हिंदीत बोलायचो आणि आमचं हिंदी ऐकून खालचा चहावाला हसायचा. मी घरी फोनवर बोलू लागले की ती कान देऊन ऐकायची. "शब्द आमच्यासारखेच आहेत. तुम्ही फक्त भांडल्यासारखे बोलता."

जयपूरला ती लग्न होऊन आली. नवरा हॉटेलात स्वयंपाकी. पुढे तो आखातात गेला आणि तिकडेच दुसरा संसार थाटून बसला. ही मालवीय नगरातल्या एका ब्यूटी पार्लरमध्ये लागली. भुवया कोरून घेता घेता नेपाळी बायका तिला विचारत, सीमेकडची बस कुठून सुटते, मुलाला शाळेत घालायला कोणते कागद लागतात. तेच तेच किती जणींना सांगणार? एके दिवशी मोबाईलसमोर बसून तिने सगळं एकदाच सांगून टाकलं. तो व्हिडिओ हॉटेलांच्या स्वयंपाकघरांतून, चौकीदारांच्या खोल्यांतून फिरला आणि लोक पुढचा मागू लागले.

होता होता एका कोचिंग क्लासच्या वरच्या मजल्यावर तिचं चॅनल उभं राहिलं. मोमोवाले, बसवाले जाहिराती देऊ लागले. मी आधी सुट्टीच्या दिवशी एडिटिंग करून द्यायचे, मग नोकरी सोडून तिच्याकडेच आले. दिल्लीहून एक जण भांडवल घालायला आला होता. "मॅडम, आधी तुमची स्वतःची कहाणी दाखवू. थोडं रडलात तरी चालेल."

"ते रडून झालंय," ती म्हणाली. "तुम्ही चहा घ्या."

सगळ्यात जास्त पाहिला जायचा तो हरवलेल्या माणसांचा कार्यक्रम. गावाकडून फोटो यायचे, कुणाचा मुलगा, कुणाचा नवरा. एकदा अशाच फोटोतला एक तरुण स्वतःच जिना चढून आला. उजवा हात खिशात.

"दिदी, माझा फोटो काढून टाका. मला कुणी शोधू नये."

"तुझी आमा रोज फोन करते रे."

त्याने खिशातून हात बाहेर काढला. कारखान्यात मशीनमध्ये तीन बोटं गेली होती. "हे घेऊन घरी कसा जाऊ?"

तिने मला त्याचा फोटो असलेला व्हिडिओ चॅनलवरून काढून टाकायला सांगितला. मी तो काढून टाकला. मग तिने त्याच्या देखत त्याच्या आईला फोन लावला. तो उठला, तसं तिने त्याला हातानेच थांबवलं.

"आमा, मुलगा जिवंत आहे. मी डोळ्यांनी पाहिलाय. कुठे आहे ते मात्र सांगणार नाही. तशी त्याची इच्छा आहे."

पलीकडून म्हातारीने विचारलं, "जेवतो का?"

दिदीने त्याच्याकडे पाहिलं. त्याने त्याच हाताने फोन घेतला आणि तो गॅलरीत गेला. आम्ही दार लोटून घेतलं.

पुढे दिदीला वाटू लागलं की माणसं जिथून निघतात तिथेच आपण असायला हवं. कुणी इथे राहा म्हटलं तर ती ऐकणारी नव्हती. चॅनल उचलून ती नेपाळला गेली. वरच्या मजल्यावर आता स्पोकन इंग्लिशचा क्लास आहे. मी खाली एक खोली घेऊन लग्नांचे व्हिडिओ एडिट करते. अजूनही कुणी फोटो घेऊन वर चढतं आणि क्लासमधल्या मुली त्याला माझ्याकडे पाठवतात. मी फोटो मोबाईलवर घेऊन कार्यक्रमासाठी दिदीला धाडते.

परवा एक बाई आली. मुलगा जयपूरला आला होता, एवढंच तिला माहीत होतं. फोटो नव्हता.

"दिसतो कसा?" मी विचारलं.

"माझ्यासारखा."

मी तिला खिडकीपाशी उजेडात बसवलं आणि तिचाच फोटो काढून दिदीला पाठवला.