स्टँडवरचा आवाज

बस स्टँडवर तिला सगळे ‘घोषणाबाई’ म्हणत. फलाटांच्या वरच्या पत्र्याच्या खोलीत एक माइक, एक पंखा आणि एक डुगडुगती खुर्ची, एवढाच तिचा कारभार. पण तिथून ती “प्रवाशांनी पिवळ्या रेषेच्या मागे उभे राहावे” म्हणाली की अख्खा फलाट मुकाट मागे सरकायचा, पोलिसासकट. घरी मात्र तिने “जेवायला या” म्हणणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी.

याला कारण होतं. लग्न होऊन आली त्याच आठवड्यात तिने सवयीने, नेहमीच्या आवाजात, चहा तयार असल्याचं जाहीर केलं. शेजारचे दोघे चहाला आले. सासऱ्यांनी त्यांना चहा पाजला आणि ते गेल्यावर म्हणाले, “सूनबाई, स्टँडवरचा आवाज स्टँडवर ठेवायचा. घरात घरासारखं बोलावं.” तेव्हापासून ती कामावरून निघताना माइकबरोबर आवाजही बंद करून यायची. राग आला होता, भयंकर आला होता. पण बारीक आवाजात रागवायचं कसं हे जमेना, म्हणून तो राहूनच गेला.

हे सासरे, म्हणजे अप्पा, शेजारच्या गावी कागद गिरणीत मुकादम होते. उभी हयात बसने गेले-आले. आयुष्यात त्यांनी दोनच आवाजांचं ऐकलं, गिरणीच्या भोंग्याचं आणि स्टँडवरच्या कर्ण्याचं. आता त्यांना काही आठवत नसे. मुलाला ते फ्रिजवाला म्हणत, आणि तो फ्रिज दुरुस्तीच करत असल्यामुळे त्यात चूक काढता येत नव्हती. सुनेला ‘बाई’ म्हणत. जेवायला बसत नसत, आंघोळ करत नसत, दार उघडं दिसलं की रस्त्याला लागत. शेवटी नवऱ्याने हात टेकले आणि तो एका देखभाल केंद्रात सोमवारपासून त्यांच्यासाठी खाट ठरवून आला. पलंगाखाली बॅग भरून ठेवली होती. ज्यांनी तिला गप्प केलं होतं त्यांच्याबद्दल आता तिला का रडू येतंय, हे तिचं तिलाच कळत नव्हतं.

“जायच्या आधी अप्पांना जरा मोकळी हवा दाखवू,” नवरा म्हणाला. म्हणून रविवारी चौघं, म्हणजे ही दोघं, अप्पा आणि दहा वर्षांची लेक, राष्ट्रीय उद्यानात गेली.

मोकळी हवा पाहायला अख्खं शहर आलं होतं. गाडी लावायला जागा मिळेपर्यंत डबे रिकामे झाले. आत मुंगीला शिरायला जागा नव्हती, आणि असती तरी मुंगीचा कुणीतरी फोटो काढला असता. तळ्याकाठी हरणं आल्याची आवई उठली तेव्हा सगळे तिकडे धावले. हरणं शहाणी होती, ती पलीकडे गेली. नवऱ्याने हात उंच करून फोटो घेतला. त्यात सतरा हात आणि एक शिंग आलं.

“शिंग नाही, ती फांदी आहे,” लेक म्हणाली.

ते शिंग की फांदी हे ठरेपर्यंत अप्पांचा हात सुटला होता.

तिचा जीव टांगणीला लागला. तळं होतं, दरी होती, पलीकडे रान होतं. नवरा “अप्पा, अप्पा” करत गर्दीत घुसला. वयस्कर माणसं पुष्कळ असल्यामुळे बऱ्याच जणांनी ओ दिली. लेकीचा हात घट्ट धरून ती फाटकाजवळच्या चौकीत पोचली. तिथला रखवालदार कर्ण्यावरून प्लास्टिक फेकू नका म्हणून सांगत होता. तिची हकीकत ऐकून त्याने लगेच पुकारलं, “हरवलेल्या आजोबांनी चौकीत यावं. हरवलेल्या आजोबांनी...”

“ते येणार नाहीत,” ती म्हणाली. “आपण हरवलोय असं त्यांना वाटतच नाही. हरवलो असू तर आपण बाकीचे, असं वाटतं त्यांना.”

नवराही धापा टाकत तिथेच आला. दहा ठिकाणी पाहिलं, कुठेच नाही, म्हणाला आणि मटकन बाकावर बसला. तिने खिडकीतून पाहिलं. फाटकावर मोठ्ठा तीनचा आकडा रंगवला होता.

तिने रखवालदाराच्या हातून माइक घेतला. घसा साफ केला.

“प्रवाशांनी कृपया इकडे लक्ष द्यावे. कागद गिरणीकडे जाणारी बस फलाट क्रमांक तीनवर लागत आहे. प्रवाशांनी रांगेत यावे. धक्काबुक्की करू नये.”

उद्यान गप्प झालं. गर्दीने धक्काबुक्की थांबवली. थोड्या वेळाने झाडांमधून अप्पा आले. सदऱ्याचं वरचं बटण लावलेलं, एक हात खिशावर. फाटकापाशी शिस्तीत उभे राहिले. रांग दिसली म्हणून त्यांच्या मागे आणखी दहा-बारा जण उभे राहिले.

ती धावत बाहेर आली, पण अप्पांनी तिच्याकडे पाहिलं न पाहिल्यासारखं केलं. ते मागच्या गृहस्थांशी बोलत होते.

“आवाज ऐकलात? खणखणीत आहे की नाही?”

“आहे खरा,” गृहस्थ म्हणाले. “गाडी कुठली आहे पण?”

“ती आमची सून आहे,” अप्पा म्हणाले. “घरी मीच जास्त बोलू देत नाही. घसा जपायला हवा ना. तिच्या घशावर सगळ्या गाड्या चालतात.”

ती तिथेच उभी राहिली. इतक्या वर्षांचा राग काढायला ही जागा बरी होती, आवाजही लागलेला होता. पण राग सापडेना. डोळ्यांतून नुसतं पाणी यायला लागलं.

“बाई, रडू नका,” अप्पा तिला म्हणाले. “गाडी येईल. तिनं सांगितलंय म्हणजे येणारच.”

गाडीपाशी आल्यावर ते आत बसायला तयार होईनात. नवऱ्याने विनवण्या केल्या, दंडाला धरलं, काही उपयोग झाला नाही. शेवटी तो बायकोकडे वळून हळूच म्हणाला, “तू सांग ना. तुझ्या पद्धतीनं.”

तिने सांगितलं. अप्पा बसले, शिवाय शेजारच्या गाडीपाशी उभं असलेलं एक अनोळखी कुटुंबही घाईघाईने त्यांच्या गाडीत बसलं.

सोमवारी सकाळी केंद्राची गाडी यायची होती. नवरा पलंगाखालची बॅग काढून दारात घेऊन बसला होता. तिने स्वयंपाकघरातून, पोटातून आवाज काढून सांगितलं, “आंघोळीला जाणाऱ्या प्रवाशांनी न्हाणीघराकडे यावे. पाणी तयार आहे.”

अप्पा उठले, खांद्यावर पंचा टाकला आणि निघाले. मागोमाग लेकही निघाली. नवऱ्याने बॅगेची चेन उघडली आणि अप्पांचे सदरे एकेक करून परत कपाटात लावले. मग तोही टॉवेल घेऊन रांगेत उभा राहिला.