बारा मिनिटं गिरणी बंद

"आधी रिकामं चालव."

सरांचं हे वाक्य मी नगरात ज्याला ज्याला करून दाखवलं, तो हसून आडवा झालाय. सोपं आहे. कागद खिडकीपुढं धरायचा, डावा डोळा मिटायचा, मान बगळ्यासारखी पुढं काढायची आणि नाकातून म्हणायचं, "आधी रिकामं चालव." घरी करून बघा, जमतंय.

वाक्य होतं यंत्राचं. पुण्याच्या एका संस्थेनं आमच्या कॉलेजला वर्षभराच्या बोलीवर एक जुनं यंत्र दिलं होतं. तेलाचा थेंब मिठाच्या दोन चकत्यांमध्ये दाबायचा, त्यातून डोळ्याला न दिसणारे किरण सोडायचे, की यंत्रातलं पेन कागदावर डोंगरदऱ्या काढत जायचं. प्रत्येक तेलाची डोंगररांग वेगळी, अंगठ्याच्या ठशासारखी. पण तेल घालण्याआधी यंत्र रिकामं चालवून बघायचं, रेघ सरळ येते का.

सर हे सगळ्या जगाला लावायचे. भाजीवालीला म्हणायचे, "मावशी, तागडी आधी रिकामी धरा." मावशी म्हणायची, "तुमचं डोस्कं धरा."

मी त्यांचा डेमॉन्स्ट्रेटर. प्राचार्यांपासून एसटीच्या कंडक्टरपर्यंत सगळ्यांचे आवाज माझ्या गळ्यात राहायला. पण त्या चकत्या खऱ्याच मिठाच्या. तोंडाची वाफ लागली तरी धुरकटायच्या. त्या बाहेर काढल्या की बोलायची बंदी.

"सर, श्वास तरी घेऊ का?"

"घे. सोडू नको."

सर कधी बसले नाहीत. प्रयोगशाळेतल्या त्यांच्या स्टुलावर त्यांचा रुमाल बसायचा, सर येरझाऱ्या घालायचे. त्यांना घाई होती. आपल्या भागातल्या एकतीस बियांच्या तेलांचे आलेख एका सरकारी संशोधन-संग्रहाला पाठवायचे होते, आणि तेही यंत्र परत जायच्या आत. "उद्या जगात कुनालाबी करंजाचं तेल तपासायचं झालं," ते म्हणायचे, "तर त्यानं एक पत्र टाकायचं आन् आपला कागूद मागवायचा. आमच्या खर्डा गावच्या बांधावरचं करंज, लेका!" संग्रहाचा नियम कडक होता. यंत्रानं काढलेला मूळ कागदच पाठवायचा, आणि वेगळं काही घडलं असेल तर ते शेऱ्यात लिहायचं.

आता वेगळं काय घडायचं? तर भिंतीपलीकडं चाचांची पिठाची गिरणी होती. तिची मोटर सुरू झाली की आमचे दिवे डोळा मारायचे आणि पेन टुणकन उडी घ्यायचं. कागदावर फुकटचा डोंगर. म्हणून करार झाला होता. आमच्या शिपाईमामांनी खिडकीतून टॉवेल हलवायचा, चाचांनी बारा मिनिटं मोटर थांबवायची. आलेख निघाला की परत टॉवेल.

सतरा नंबर सीताफळाचा. तीनदा काढला, तीनदा बिघडला. चौथ्यांदा चाचा विसरले आणि ऐन मध्यावर उडी बसली. सर म्हणाले, "उद्या परत काढू." मला कंटाळा आला होता. मी ती उडी ब्लेडनं खरवडली, काळ्या शाईनं रेघ जोडली आणि दुसऱ्या दिवशी म्हणालो, "काढला सर. झकास आलाय." गठ्ठा टपालात पडला.

चार दिवसांनी चहाच्या टपरीवर मी पोरांना सर करून दाखवत होतो. डावा डोळा मिटून म्हणालो, "ब्लेडनं खरवडला, शाईनं जोडला, म्हातारा वळखतोय व्हय!"

कोणी हसेना. वळून बघतो तर सर, हातात बशी.

"सतरा नंबर?" त्यांनी विचारलं.

"हो सर."

त्यांनी बशी खाली ठेवली आणि सायकलवर टांग टाकली. चहा तसाच. पोस्टात कळलं, गठ्ठा कधीच गेला. तिथंच त्यांनी तार केली : सतरा नंबर खोटा आहे, धरू नका.

उत्तर आलं. एका आलेखाला हात लागलाय म्हणता, तर सगळेच बाजूला ठेवले आहेत. सतरा नंबर मूळ स्वरूपात महिन्यात पाठवा, नाहीतर गठ्ठा परत. आणि यंत्र न्यायला ट्रक येणार होता आठ दिवसांत. सीताफळाच्या तेलाच्या बाटलीत तळाला एक थेंब होता. दुष्काळाचं साल, झाडांवर फळच नव्हतं, नवीन बी आणणार कुठून?

सर मला एक शब्द बोलले नाहीत. ओरडले असते तर निदान नक्कल तरी करता आली असती. पाच दिवस वीज आली-गेली, सर फरशा मोजत फिरले. सहाव्या दिवशी वीज धड आली. मामांनी टॉवेल उचलला. सर म्हणाले, "ऱ्हाऊ द्या, आज मीच सांगून येतो." मी मागोमाग गेलो.

गिरणीपासून आमच्या फाटकापर्यंत बायांची रांग. रेशनला मिलो आला होता, अमेरिकेची लाल ज्वारी.

"बोला सर," चाचा म्हणाले. "मोटर तापती म्हनून मधी मधी बंद करतोयच. तुमच्यासाठी बारा मिनिटं थांबवू?"

"आता कशापायी थांबवताय वं?" डबा कडेवर घेतलेली एक बाई म्हणाली. "पीठ घरी टाकून खडी फोडाय जायचंय. उशीर झाला की मुकादम हजरी मांडीत न्हाई."

सर रांगेकडं बघत राहिले. मग म्हणाले, "न्हाई चाचा. चालू द्या तुमचं."

परत आल्यावर मला म्हणाले, "आधी रिकामं चालव." रेघ सरळ आली. शेवटचा थेंब चकत्यांमध्ये दाबला. मी श्वास धरला. पेन निघालं, एक डोंगर, दुसरा डोंगर, आणि पलीकडं चाचांनी गार करायला थांबवलेली मोटर परत चालू केली. टुण्णकन.

मी सरांकडं बघितलं. ते कागदाकडं बघत होते. पेन शेवटापर्यंत जाऊ दिलं आणि टाक माझ्या हातात दिला.

"शेऱ्यात लिही."

"काय लिहू?"

"जे झालं त्ये."

मी इंग्रजीत लिहिलं की इथं शेजारची पिठाची गिरणी सुरू झाली. हे शिखर तेलाचं नाही.

"खाली सही कर. तुझी."

"माझी?"

"चालवलं कुनी?"

आलेख गेला. ट्रक आला, यंत्र गेलं. पोस्टमनच्या वेळेला सर रोज फाटकापर्यंत जाऊन यायचे. उन्हाळ्यात रिटायर होऊन खर्ड्याला निघाले, तेव्हा एसटीच्या खिडकीतून म्हणाले, "काय आलं तर कळव." काहीच आलं नाही. मी पुण्याला साबणाच्या कंपनीत लागलो. दुसऱ्या वर्षी शिपाईमामांचं कार्ड आलं, सर गेले.

नंतर एकदा कंपनीत कोणीतरी सीताफळाच्या बियांचं तेल आणलं. मी संग्रहाला पत्र टाकलं आणि विसरून गेलो. एका दुपारी लांब पाकीट आलं. नंबर सतरा. वर सरांचं नाव, मध्यावर गिरणीची उडी, शेऱ्यात माझं गिचमिड अक्षर, खाली माझी सही.

मी तो खिडकीपुढं धरला आणि डावा डोळा मिटला. शेजारच्या टेबलावरची मंडळी काम टाकून माझ्याकडं वळली, आता हा कोणाची नक्कल करतोय म्हणून हसायच्या तयारीत.

मी श्वास घेतला होता. सोडत नव्हतो.