आरशातली उद्धट बाई

माझी सून मीरिम राजधानीत, बिश्केकच्या चित्रकलेच्या कॉलेजात गेली, त्यावरून आमच्या कोचकोर गावात लोकांनी काय काय उठवलं नाही! कोणी म्हणालं, बुरुलने सुनेला घराबाहेर काढलं. कोणी म्हणालं, सुनेनेच बुरुलला गुंडाळलं. अहो, मला गुंडाळणारं माणूस अजून जन्माला यायचंय. माझा राग नाकाच्या शेंड्यावर असतो हे गल्लीतल्या कुत्र्यांनाही माहीत आहे. तेव्हा काय झालं ते माझ्याच तोंडून ऐका.

माझ्या मुलाने, तालायने, लग्न करून तिला वरच्या खोऱ्यातून आणलं. सून म्हणून नाव ठेवायला जागा नाही. डोक्याला रुमाल, आवाज हळू, मोठं माणूस आत आलं की कमरेत वाकून सलाम, आणि नजर खाली. सुनेने सासरच्या वडीलधाऱ्यांच्या तोंडाकडे बघायचं नसतं. चहाच्या वेळी समोवारापाशी बसायची, प्रत्येकाची वाटी अर्धीच भरून दोन्ही हातांनी पुढे करायची; काठोकाठ भरली तर आमच्यात पाहुण्याला ऊठ म्हटल्यासारखं होतं. वाटी रिकामी झालेली तिला माणसाआधी कळायची. पण बोलायची नाही. कधीकधी मला वाटायचं, घरात सून आणली की मांजर?

माझा धंदा नमद्याचा. लोकर थापायची, रंगवायची, मग गडद थरावर फिका थर ठेवून दोन्ही एकदम कापायचे. यातली शिंगांची नक्षी त्यात आणि त्यातली यात बसवून शिवायची. वरची नक्षी खडूने आखायला हात पक्का लागतो. माझा हात थरथरायला लागला तेव्हा मी खडू मीरिमकडे दिला. पोरीने मेंढ्याचं शिंग असं एका दमात वळवलं, की माझ्याकडच्या बाया कात्र्या हातात धरून बघतच राहिल्या. म्हटलं, हिला थोडं शिकवलं तर नव्या नक्ष्या काढेल. म्हणून मीच, हो, मीच तिला संस्कृतिभवनात सागिनच्या चित्रकलेच्या वर्गाला घातलं. सागिन मास्तर शाळेत माझ्या मागच्या बाकावर बसायचा आणि माझ्या वेण्या बाकाला बांधायचा. आता सगळं गाव त्याला मास्तर म्हणतं, मी म्हणत नाही.

नव्या नक्ष्या राहिल्या बाजूला. पहिल्या दिवशी पोरीने घरी काय आणलं? कागदावर काढलेलं अंडं. पुढच्या आठवड्यात? पुन्हा अंडंच.

"अगं, तुझा मास्तर उबवायला बसलाय का?" मी विचारलं.

ती रुमालाच्या टोकाआड हसली. "छाया जमत नाहीये, आपा." आमच्यात आईला आपा म्हणतात, आणि सासूलाही.

"त्यात काय जमायचंय? इकडे पांढरं, तिकडे काळं. झालं."

"नाही आपा, मधे खूप काही असतं. आणि काळ्याच्या पलीकडे, अगदी कडेला, पुन्हा थोडा उजेड असतो. टेबलावर पडून परत आलेला."

मी म्हटलं, काहीतरीच तुझं. पण ती गाय दोहायला गेल्यावर एक अंडं खिडकीत ठेवून बघितलंच. होता हो उजेड! अंधाऱ्या बाजूला, अगदी कडेला, फिकट. आमच्या नमद्यात काळं ते काळं आणि पांढरं ते पांढरं, मधलं काही नसतं. जन्मभर मी तसंच कापत आले, म्हणून मला त्या अंड्याची जरा भीतीच वाटली.

मग तिला नादच लागला. पेन्सिल चाकूने तासायची, शिसं चांगलं बोटभर उघडं ठेवायची. घाई झाली की छाया बोटाने पुसून काढायची, आणि सागिन तिला ओरडायचा की बोट भाकरीसाठी ठेव, इथे रेघ ओढ, गोल वस्तूला गोल रेघ, सपाट वस्तूला सपाट. शिशाची बोटं तशीच पिठात जायची. तालाय एकदा नान तोडून बघत म्हणाला, "आपा, यावर कोणाच्या बोटांचे ठसे आहेत? पोलिसांना बोलवू का?" बायकोच्या बाजूने बोलायची त्याची तीच पद्धत.

एक दिवस मी तिची वही उचकली. विचारलं नाही, माझ्या घरातली वही. आत नुसते हात. चहाची वाटी धरलेले हात, पानापानांवर. ही शेजारची तुर्सुन, अंगठी बोटात रुतलेली. हे माझे धाकटे दीर, करंगळी वाकडी. हा माझा तालाय, नखात गाडीचं तेल. एकेक हात ओळखू येत होता, चेहरा मात्र एकाचाही नव्हता. एवढी वर्षं समोवारापाशी मान घालून बसलेली ही पोर काय बघत होती, ते मला तेव्हा कळलं.

सागिन म्हणाला, "हिला बिश्केकला पाठव. कॉलेजात प्रवेशाला चित्रं मागवली आहेत. तीन वर्षांत मास्तरीण होऊन येईल. मी आता किती दिवस पुरणार?"

आधी रागच आला. माझा खडू कोण धरणार? तिच्या पोरीला, माझ्या नातीला, कोण बघणार? दोन दिवस भांडी आपटत फिरले. मग पुन्हा ते हात आठवले, आणि वाटलं, असं बघता येणारं माणूस मी शिंगं आखायला बसवून ठेवू? माझ्याच्याने ते झालं नसतं. तालायला म्हटलं, "नातीला मी बघीन. तू दर रविवारी गाडी घेऊन तिकडे जाशील. आणि तोंड वाकडं करायचं नाही."

पण एक अट होती. बाकीच्या चित्रांबरोबर स्वतःच्या चेहऱ्याचं चित्र हवं, आरशात बघून काढलेलं. फोटोवरून चालणार नाही. ते नसेल तर बाकीची चित्रं उघडूनही बघणार नाहीत म्हणे.

झालं, स्वयंपाकघरात आरसा लागला. तुर्सुनने कुंपणावरून बघितलं आणि म्हणाली, "बुरुल, तुझी सून दिवसभर स्वतःला न्याहाळते. जपून राहा गं बाई."

मी म्हटलं, "तुझ्याकडे न्याहाळण्यासारखं असतं तर तूही न्याहाळलं असतंस." गेली तणतणत.

पण मीरिमचं काही जमेना. ती चित्र न्यायची, सागिन परत पाठवायचा. पुन्हा न्यायची, पुन्हा परत. पोरीचं जेवण सुटलं. शनिवारी सागिन सगळ्यांची चित्रं घेऊन बिश्केकला निघणार होता. गुरुवारी ती वर्गातून आली आणि गोठ्यात जाऊन रडली. मी रुमाल बांधला आणि तडक संस्कृतिभवन गाठलं.

"काय रे, माझ्या सुनेला रडवतोस? स्वतःला काय समजतोस?"

"बस आधी," सागिन म्हणाला. "दमलीस."

"मी बसायला नाही आले, भांडायला आलेय."

"मग बसून भांड." त्याने कागद माझ्यापुढे ठेवला. "हे बघ आणि मग बोल."

बघितलं. मीरिमच होती. रुमालाची गाठ, गालाचं हाड, त्याच्याखाली उतरत गेलेली छाया, ओठांच्या कोपऱ्यातली ती बारीकशी खोच. हात लावला तर गाल ऊन लागेल असं चित्र. डोळे खाली झुकलेले, अगदी चांगल्या घरच्या सुनेसारखे.

"सुंदर तर आहे," मी म्हटलं. "तुझं काय दुखतंय?"

"तो भिंतीवर आरसा आहे ना, त्यात बघ. आता नजर खाली कर. दिसतंय काही?"

"आता खाली बघितल्यावर कसं दिसेल, मूर्खा?"

"तेच तर. आरशात बघणाऱ्या माणसाला स्वतःचे झुकलेले डोळे कधीच दिसत नाहीत. ती म्हणते आरशात बघून काढलं. अख्खा चेहरा आरशातला आहे, मान्य. पण या पापण्या नाहीत. आणि मनाने काढलेल्याही नाहीत, इतक्या बारकाईने मनाने कोणी काढत नाही. कोणाकडे तरी बघून काढल्यात. परीक्षकाला एका नजरेत कळेल. कोणाच्या आहेत, विचारलं तर रडते."

मी कागद जवळ घेतला. डाव्या पापणीवर, नाकाच्या बाजूला, एक छोटी फुगीर रेघ होती. मीरिमच्या पापणीवर तसलं काही नाही. मी माझा डावा डोळा मिटला आणि बोट फिरवलं. लहानपणी चुलीतली ठिणगी उडून तिथे भाजलं होतं. तो वण मी कधी बघितलेला नाही, एक डोळा मिटून आरशासमोर उभं राहायला कोणाला वेळ आहे? पण बोटाला पाठ आहे. तिथेच होता, तसाच आडवा.

सागिन काहीतरी बोलत होता. मी कागद गुंडाळला आणि त्याला न सांगता निघाले.

दुपारी चहा घेता घेता माझा डोळा लागतो, शेगडीपाशी, बसल्या बसल्या. म्हणजे माझ्या सुनेला माझा चेहरा तेव्हाच काय तो बघता येत होता. रस्ताभर तेच डोक्यात. आणि मग माझी स्वतःची सासू आठवली. एकोणीस वर्षं एका छताखाली काढली तिच्याबरोबर. तिच्या बुटांची शिवण मी आत्ता दाखवेन. घागऱ्याची किनार सांगेन. खोकला हजार माणसांत ओळखेन. पण तिचे डोळे कसे होते, विचाराल तर मला सांगता येणार नाही. मी तिला शेवटची आंघोळ घातली तेव्हा ते मिटलेलेच होते.

घरी मीरिम कणीक तिंबत होती. मी कागद तिच्यापुढे उलगडला. "या माझ्या पापण्या आहेत."

तिचे पिठाचे हात तसेच थांबले. "माफ करा, आपा."

"माफीचं राहू दे. स्वतःचे डोळे काढायचे सोडून माझे कशाला?"

परातीकडे बघत ती म्हणाली, "मला माझे जमत नाहीत. आरशात वर बघितलं की कोणीतरी उद्धट बाई माझ्याकडे रोखून बघत असते. मला लाज वाटते. मी तिला काढूच शकत नाही. तुम्ही झोपलात की बघत बसायचे, तेव्हा बरं वाटायचं."

पुढचं गावाला ठाऊक आहे. चित्रात शेवटी तिचेच डोळे उतरले, सागिनने ते शनिवारी नेलं आणि तिला जागा मिळाली. ते डोळे उतरले कसे, तेवढं मात्र गावाला ठाऊक नाही.

मी तिला हात धुवायला लावले. आरसा भिंतीकडे फिरवला आणि त्याच्या जागी स्टूल ओढून मी बसले, गुडघ्याला गुडघा लावून. "बघ माझ्याकडे."

"आपा, नको."

"आरशातली बाई उद्धट आहे ना? मी तिच्यापेक्षा उद्धट आहे, सगळ्या गावाला विचार. माझ्याकडे बघता आलं तर ती कोण लागून गेली? बघ म्हणते ना!"

तिने नजर उचलली. हनुवटीपर्यंत आली आणि पडली. पुन्हा उचलली, नाकापर्यंत आली, पुन्हा खाली.

"अगं, घाट चढतेस का? ये की वर!"

तिला हसू फुटलं, आणि हसता हसता तिने बघितलं. सरळ माझ्या डोळ्यांत.

आणि खाली बघितलं ते मी. माझं मलाच कळलं नाही. एवढ्या जवळून, एवढं नीट माझ्याकडे कोणीच कधी बघितलं नव्हतं. माझ्या नवऱ्यानेही नाही, बिचारा मोठ्यांनी ठरवलेल्या लग्नातला माणूस, तोही लाजाळूच होता. माझे कान तापले. म्हातारी बाई मी, आणि नव्या सुनेसारखी रुमालाच्या काठाशी खेळत बसले.

"आपा," ती हळूच म्हणाली, "वर बघा ना. मला दिसत नाहीये."

सुनेने सासूला हुकूम सोडला, माझ्या घरात, दिवसाढवळ्या! आणि मी तो ऐकला. मान वर केली.

चार वर्षं ही पोर माझ्या घरात वावरली. मी तिचा रुमाल बघितला, तिचं काम बघितलं, तिने भरलेल्या वाट्या बघितल्या. तिने चेहरा दाखवायचा नव्हता, आणि मला बघायची कधी गरज पडली नव्हती. नाकावर बारीक वांग आहे. एक भुवई दुसरीपेक्षा जरा वर आहे, काहीतरी विचारायचं राहून गेल्यासारखी. डोळे पाण्याने भरले होते, पण तिने ते हलवले नाहीत, आणि मीही नाही.

देखणी आहे हो पोरगी.