सिंह बघायला या

न्गोरोंगोरोच्या सफारीहून परतल्यावर मी इथे आखातात, अल मजाजच्या आमच्या इमारतीत, मजल्यावरच्या सगळ्यांना शुक्रवारी जेवायला बोलावलं. जेवणाआधी वर्णन माझंच. विझलेल्या ज्वालामुखीच्या पोटात वसलेलं अभयारण्य, ढगातून खाली उतरणारी जीप, तळ्याकाठी फ्लेमिंगोंची गुलाबी झालर.

"फ्लेमिंगो?" समोरच्या फ्लॅटमधले चाचा म्हणाले. मूळचे रत्नागिरीचे, रास अल खोरला गॅरेज. "ते तर आमच्या गॅरेजजवळच्या खाडीत उभे असतात. त्यासाठी विमानाने कशाला गेलात, भाऊ?"

म्हणजे आता माझी सगळी इभ्रत सिंहावर. तो मी नव्या व्हिडिओ कॅमेऱ्यात टिपला होता, जरा लांबून, पण टिपला होता. यल्ला, चला, म्हणत कॅसेट लावली.

टीव्हीवर माझे सँडल आले. बराच वेळ सँडलच होते. मग जीपचा पत्रा, गवत, पुन्हा सँडल. मागून माझा आवाज, "अगं, हत्तींचा कळप. थांब, शूट करतो." की चित्र बंद.

लाल बटण दाबलं की सुरू, पुन्हा दाबलं की बंद. सुरुवातीलाच माझ्याकडून ते एकदा जास्त दाबलं गेलं असणार. तेव्हापासून डोळ्याला लावला की कॅमेरा झोपायचा आणि मनगटाला लोंबकळला की इमानेइतबारे राबायचा.

"चप्पल मजबूत आहे," चाचा म्हणाले.

"पापा, सो एम्बॅरसिंग," म्हणत मुलीने उशीत तोंड खुपसलं.

"अहो, बंद करा. पुलाव निवतोय," बायको म्हणाली.

मी रिमोट शोधू लागलो. तेवढ्यात माझाच आवाज आला, "दुर्बीण दे गं, त्या टेकडीवर सिंह वाटतोय." तेव्हा कॅमेरा लोंबकळणारा हात मी खिडकीबाहेर सोडलेला होता. चित्रात जीपची सावली हेलकावत होती आणि त्या सावलीत एक तपकिरी घोंगडी पडली होती. घोंगडीने श्वास घेतला. मग एक कान फडफडला.

सिंहीण. जीपच्या माझ्याच दाराखाली, उन्हाला कंटाळून आडवी झालेली. तिने एक डोळा उघडून थेट आमच्या हॉलमध्ये पाहिलं आणि पुन्हा मिटला.

मुलगी टीव्हीकडे बघत कुजबुजली, "पापा, टेक युअर हँड इनसाइड."

सोफ्यावर बसल्या बसल्या मी हात आत घेतला.

"भाऊ, कॅसेट मागे घ्या, परत लावा," चाचा हळूच म्हणाले. "फ्लेमिंगोंचं बोललो ते खलास."

टीव्हीतून माझा आवाज येतच होता, "छे, फार लांब आहे. इथून काही मजा नाही."